वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतरच्या शिंका आणि कामावरची पेंग

प्रश्न : माझे कार्यालय हिंजवडीत असून शेजारच्या मोकळ्या जागेत गाजर गवत माजले आहे. दरवर्षी पाऊस ओसरू लागला की कामावर पोहोचताच शिंका येऊ लागतात, नाक गळते आणि डोळे खाजतात. औषधांच्या दुकानातून आणलेल्या गोळीने शिंका थांबतात, परंतु दुपारी संगणकासमोर पेंग येते. वरिष्ठांना हे काम टाळण्याचे निमित्त वाटते. काय करावे?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : ताप नसताना, दरवर्षी ठरावीक महिन्यांतच होणारा आणि डोळ्यांना खाज आणणारा हा त्रास साध्या सर्दीपेक्षा परागकणांच्या ॲलर्जीचा असण्याची शक्यता अधिक आहे. मूळच्या अमेरिका खंडातील या गवताची भारतातील नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, तेव्हा तुमचा संशय अस्थानी नाही.

तथापि तुमच्या कामाचे खरे नुकसान शिंकांपेक्षा गोळीच करीत असावी. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे मेंदूपर्यंत पोहोचतात आणि झोप आल्याचे जाणवले नाही तरी एकाग्रता कमी करतात. ती घेऊन दुचाकी चालवणे तर धोक्याचेच. सेटिरिझिननेही काहींना पेंग येते. फेक्सोफेनाडिनने ती सहसा येत नाही, मात्र ही गोळी फळांच्या रसाबरोबर नीट शोषली जात नसल्यामुळे पाण्याबरोबरच घ्यावी. नाक वारंवार चोंदत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा फवारा त्रासाचे दिवस सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून रोज वापरावा, कारण त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस जावे लागतात. फवाऱ्याचे तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नसावे. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात व डाव्यासाठी उजवा वापरला की ते आपोआप साधते. चोंदलेले नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण पुढे त्यांच्यामुळेच नाक चोंदू लागते.

वरिष्ठांशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांचे पत्र द्यावे आणि खिडकीपासून दूरची जागा मागावी. गवत काढण्याचा आग्रहही अवश्य धरावा, पण ते फुलोऱ्यापूर्वी आणि हातमोजे घालूनच उपटले जाईल हे पाहावे. उघड्या हातांनी हे काम करणाऱ्या मजुरांच्या पापण्यांवर, मानेवर व कोपरांच्या खोबणीत चिवट त्वचारोग होतो आणि त्यांच्या बुडालेल्या रोजाची चौकशी कोणी करीत नाही.

छातीत घरघर होत असेल किंवा दम लागत असेल, तर गोळ्या बदलत न बसता दम्याची तपासणी करून घ्यावी.