गावी एकट्या राहणाऱ्या ७८ वर्षांच्या वडिलांसाठी ३० हजारांत कोणती स्मार्ट उपकरणं बसवावीत?

कॅमेऱ्यांवर पैसे घालणं आधी थांबवा. तुम्ही लिहिलंय, वडील राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तुम्ही पुण्यात, आणि तुमच्या खरेदीच्या यादीत काय, तर चार कॅमेरे, अलेक्सा आणि स्मार्ट लॉक. यातलं एकही त्यांच्या रोजच्या कामाला हात लावत नाही. चिडून लिहितेय, कारण हाच वाद आमच्या घरात अजून चालू आहे.

माझी आई श्रीवर्धन तालुक्यात, सुपारीच्या वाडीत एकटी राहते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. पोफळी आडव्या झाल्या, कित्येक आठवडे वीज नव्हती, आणि दादाने ठाण्याहून धोशा लावला, "आता बस झालं, इकडे ये." आई हलली नाही. उरलेल्या पोफळी आणि नवी रोपं टाकून कुठे जाऊ, पाणी कोण लावणार, एवढंच तिचं म्हणणं. मग तडजोड म्हणून दादाने कॅमेरे बसवले. एक ओटीवर, एक माजघरात, एक मागच्या पडवीत.

त्यानंतर फोन सुरू झाले. "दोन वाजले, अजून जेवली नाहीस?" "मघाशी ती बाई कोण आलेली?" "स्टुलावर का चढलीस?" प्रेमापोटीच, मान्य. पण मी गावी गेले तेव्हा बघितलं, आई सुपारी सोलायला ओटी सोडून न्हाणीमागच्या पायरीवर बसायला लागली होती. तिथे धड उजेड नाही, पायरीला शेवाळ, आणि हाक मारली तर रस्त्यापर्यंत पोचत नाही. ओटीवर असती तर येणारा-जाणारा दोन शब्द बोलून गेला असता. विचारलं तर म्हणाली, "तिथे बसलं की पोर डोक्यावर उभा आहेसं वाटतं गो." कॅमेऱ्याने तिला चांगल्या जागेवरून उठवून धोक्याच्या जागी नेऊन बसवलं. दादाला फोनवर रिकामी ओटी दिसायची आणि आई झोपली असेल म्हणून तो निवांत.

तिची खरी अडचण होती पंप. लाईट येईल तेव्हा, मग पहाट असो की रात्र, बॅटरी घेऊन विहिरीवरच्या खोपीत जायचं, ओल्या हाताने बटण दाबायचं. मी मोबाईल स्टार्टर बसवून घेतला. घाटावरचे शेतकरी तो कधीपासून वापरतात. पंपाच्या स्टार्टरला जोडलेली पेटी, आत सिमकार्ड. ठरलेल्या नंबरवरून फोन केला की पंप चालू, परत केला की बंद. लाईट आली की तोच कळवतो, आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं तर पंप आपोआप थांबवतो. इंटरनेट लागत नाही, फक्त सिमचं रिचार्ज विसरायचं नाही. आई आता झोपाळ्यावर बसून अख्ख्या वाडीला पाणी लावते. आमच्या आळीतल्या दोघींनी तिला विचारून आपल्याकडेही बसवला, आणि चालवायला आईनेच शिकवलं.

तर तुमच्या वडिलांना आधी विचारा, दिवसात कुठलं काम अंगावर येतं. रात्री संडासला उठणं असेल तर खाटेपासून तिथपर्यंत माणूस हलला की लागणारे दिवे लावा, बाहेरचे पावसात टिकणारे घ्या. वायरलेस बेलचं बटण न्हाणीत भिंतीला, जमिनीपासून वीतभरच उंच लावा, कारण पडलेल्या माणसाचा हात वर पोचत नाही. बेल वाजायला हवी शेजाऱ्यांच्या घरात, आणि ती सेलवर चालणारी घ्या, नाहीतर लाईट गेली की मुकी. १०८ ला फोन केला तरी गाडी येईपर्यंत शेजारपाजारचंच माणूस लागतं. गॅसचा सेन्सर घेतलात तर खाली, जमिनीलगत. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो.

स्मार्ट लॉक नको. पावसाळ्यात दार फुगून कडीसुद्धा धड बसत नाही, तिथे ते काय करणार? अलेक्साला हिंदी कळतं, पण वडील काय तिच्याशी हिंदीत बोलणार आहेत? फोनमधल्या गूगलला मराठी कळतं, तेवढं पुरे. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय आतल्या खोल्यांत पोचत नाही, म्हणून इंटरनेटवाचून चालेल तेच घ्या. आणि या सगळ्याच्या आधी अर्थिंग तपासून घ्या. कातळात ते सहसा नीट लागत नाही, आणि अवकाळीतल्या एका विजेत राऊटर, इन्व्हर्टर सगळं जातं.

दादाचं अजून तेच चालतं, "काही झालं तर?" ठाण्यातल्या सातव्या मजल्यावर सगळे कामाला गेल्यावर आई दार लावून दिवसभर एकटी बसेल, तिथे काही झालं तर कुणाला कळणार? याचं उत्तर त्याने मला आजतागायत दिलेलं नाही.

वडिलांना विसर पडत असेल, गॅस चालू राहत असेल, वाट चुकत असेल, तर मात्र मी लिहिलेलं अपुरं आहे. तिथे उपकरण पुरत नाही, सोबतीला माणूस ठेवावाच लागतो. आणि कॅमेरा घ्यायचाच असेल तर एकच घ्या, बाहेर तोंड करून फाटकावर लावा आणि ॲप वडिलांच्या फोनवर टाका. आमचा पडवीतला काढून तसाच लावलाय. वाडीत गुरं शिरली की आई घरात बसून बघते आणि शेजारच्या पोराला हाक मारते.