बॅन्जो घ्यायचाय, पण कुठला?

प्रश्न: थोडीफार गिटार येते, आता बॅन्जो शिकायचाय. चार तारांचा घेऊ की पाच? मागे लाकडी रेझोनेटर, म्हणजे बंद पाठ, असलेला बरा की उघडा? आणि उजव्या हातानं वाजवायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात म्हणे, सुरुवात कुठून करू?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण उजवा हात ठरला की वाद्य जवळपास आपोआप ठरतं.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिघांना नख्या घालून सुरांची सलग सर काढायची ही झाली ब्लूग्रासची, म्हणजे वेगवान अमेरिकन लोकसंगीताची, पद्धत. १९४५ च्या अखेरीस बॅन्जोवादक अर्ल स्क्रग्ज ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि ती सगळीकडे पोचली. दुसरी क्लॉहॅमर, ती जुनी. त्यात बोट वर ओढायचं नाही, नखाची पाठ वरून खाली तारेवर मारायची, मग त्याच बोटानं खाली एक झटका आणि लगेच अंगठ्यानं पाचवी तार. या दोन्हींना पाच तारा लागतातच, कारण ती आखूड पाचवी तार, जिची खुंटी पाचव्या फ्रेटपाशी (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपाशी) असते, तीच बॅन्जोचा जीव आहे. चार तारांचा टेनर एका पिकनं वाजवतात, आयरिश धून किंवा जुना जॅझ आवडत असेल तरच तो घ्या.

रेझोनेटर आवाज पुढे फेकतो, म्हणून ब्लूग्रासवाले तो वापरतात, पण वजन वाढतं. उघडा बॅन्जो हलका, आवाज मऊ, घरात वाजवायला मला तोच जास्त आवडतो. ठरत नसेल तर रेझोनेटर काढता येईल असा पाच तारांचा घ्या. डावखुरे असाल तर मात्र डावखुराच मागवा, नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, पाचवी खुंटी चुकीच्या बाजूला येते.

विकत घेताना चकाकी बघू नका, मान सरळ आहे का बघा, प्रत्येक फ्रेटवर तार दाबून कुठे खरखर येते का ऐका, आणि बाराव्या फ्रेटवर तार साधारण ३ मिलिमीटर उंच असली की पुरे. त्याहून फार उंच असेल तर बोटं दुखतात आणि लोक आपल्यालाच जमत नाही समजून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तारा ओपन जी मध्ये, म्हणजे जी कॉर्डच्या सुरांना, लावा, म्हणजे काहीही न दाबता छेडलं तरी कॉर्ड वाजते. मग पहिला रोल, म्हणजे बोटांचा ठरलेला क्रम: अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, तर्जनी, मधलं, अंगठा, मधलं. आठ सूर, तीन-तीन-दोन असे. मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवा आणि आठही सूर सारखे येईपर्यंत वेग वाढवू नका, डावा हात तोवर मोकळाच राहू दे.

प्रश्न: तारा बदलल्यापासून वरचे सूर बेसूर लागतात. वाद्य बिघडलं का?

उत्तर: नाही हो, घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, सरकली असणार. बॅन्जोची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते, म्हणून तारा एकेक करूनच बदलायच्या. बाराव्या फ्रेटवर आधी तारेला नुसता स्पर्श करून वाजवा, मग दाबून. दाबलेला सूर चढा लागला तर घोडी मानेपासून किंचित लांब न्या, उतरला तर जवळ, आणि सरकवताना तारा थोड्या सैल करा.