अपॉइंटमेंट देणारं माणूस हवंय? जाहिरातीत आधी कामाचा दिवस लिहा

दादर पश्चिमेला तुमचं सोनोग्राफी सेंटर, अपॉइंटमेंट द्यायला ठेवलेल्या तीन मुली आठ महिन्यांत सोडून गेल्या, आणि चौथीसाठीचा मसुदा असा: 'स्मार्ट, हसतमुख रिसेप्शनिस्ट हवी. वेळ 9 ते 1 व 5 ते 9. पगार योग्यतेनुसार.' एकोणीस वर्षं मी हेच काम केलं, आता त्यासाठी माणसं निवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वेळ. 1 ते 5 ती मुलगी कुठे बसणार? बदलापूरहून येणारीला मधल्या चार तासांत घरी जाऊन परत येणं जमणार नाही. म्हणजे पगार आठ तासांचा आणि घराबाहेर चौदा-पंधरा तास. तुमच्या तिघी मला वाटतं इथेच गेल्या. एकतर सलग पाळी ठेवा आणि दुपारी उद्याच्या पेशंटना आठवणीचे फोन करायचं काम द्या. नाहीतर माहीम-प्रभादेवीकडच्या दोघीजणी अर्धवेळ घ्या. जे ठरेल ते स्पष्ट छापा. आठवड्याची सुट्टी आणि पगाराचा आकडाही छापा. 'योग्यतेनुसार' वाचलं की चांगली माणसं फोनच करत नाहीत. आणि 'मुलगीच हवी' कशाला? माझ्या हाताखाली तयार झालेला सगळ्यात शांत डोक्याचा माणूस एक मुलगा होता.

आता काम. 'अपॉइंटमेंट देणे' या दोन शब्दांत ते मावत नाही. आमच्याकडे एकदा कर्जतहून एक आजी पोटाच्या सोनोग्राफीला आल्या, सकाळी चहा-बिस्किटं खाऊन. खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं, नीट दिसत नाही. त्यांना परत पाठवावं लागलं. नंबर देणारीने वेळ सांगितली होती, उपाशी या हे सांगितलं नव्हतं. आजी बाकावर बसून पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिल्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पोटाची असेल तर उपाशी, ओटीपोटाची असेल तर पाणी पिऊन लघवी रोखून, मधुमेही असेल तर सकाळचा पहिला नंबर: हे फोनवर सांगणं आणि समोरच्याकडून परत वदवून घेणं, हेच तिचं खरं काम. तुमच्या मसुद्यात त्याचा एक शब्द नाही.

तिला अधिकार किती, हेही लिहा. 'डॉक्टर ओळखीचे आहेत, पाचच मिनिटं' म्हणणारे रोज येतात. मध्ये कोणाला घ्यायचं, तातडीसाठी किती जागा रिकाम्या ठेवायच्या, हे तुम्ही ठरवून दिलं नाही तर ती दोन्हीकडून बोलणी खाते. फोनवर कोणी छातीत दुखतंय म्हणालं तर नंबर द्यायचा नाही, 108ला फोन करायला सांगून लगेच डॉक्टरांना कळवायचं. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी असं आडून विचारणाऱ्याला 1994च्या गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याने हे सांगता येत नाही, असं ठाम उत्तर द्यायचं, आणि त्या वेळी तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहायचं.

मी असं लिहीन:

'सोनोग्राफी सेंटरसाठी अपॉइंटमेंट को-ऑर्डिनेटर. दादर स्टेशनपासून चालत 7 मिनिटं. सलग पाळी, सकाळी 9 ते संध्याकाळी 6, जेवणाची सुट्टी 1 तास, रविवार बंद. काम: फोनवर व व्हॉट्सअॅपवर नंबर देणे, तपासणीची तयारी समजावणे, आदल्या दिवशी आठवण करणे, उशीर झाल्यास बाकावरच्यांना कळवणे. मराठी-हिंदी सफाईने, गुजराती येत असल्यास उत्तम. कामाचा मोबाइल सेंटरचा. पहिले 15 दिवस शिकवू.' खाली पगाराचा आकडा.

मोबाइलचं वाक्य गाळू नका. स्वतःचा नंबर पेशंटना दिलेल्या मुलीला रात्री अकरालाही फोन येतात, आणि ती सोडून गेली की लोकांचे रिपोर्ट तिच्याच फोनमध्ये राहतात.

मुलाखतीत इंग्रजी तपासत बसू नका. एवढंच विचारा: जुलैचा पाऊस, गाड्या बंद, साडेनऊचे कल्याणचे काका कुर्ल्याला अडकलेत, मधुमेह आहे, फोन आलाय. काय करशील? बहुतेक जण लगेच दुसरी तारीख देतात. जी आधी 'काका, तुम्ही अजून उपाशीच आहात का?' असं विचारेल, तिला त्याच दिवशी होकार कळवा.