फळमाशीच्या मेंदूत वास नेमका ओळखला कसा जातो?

इथे फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी ड्रोसोफिला. आंब्यात अळ्या करणारी माशी वेगळी.

तिच्या डोक्यावरच्या प्रत्येक शृंगिकेत (अँटेनात) वास टिपणाऱ्या सुमारे १,२०० चेतापेशी असतात. बहुतेक पेशींत एकाच प्रकारचा ग्राही, म्हणजे वासाचे रेणू पकडणारं प्रथिन, असतो आणि अनेक ग्राहींना ऑर्को या प्रथिनाची साथ लागते. जनुक बिघडवून ऑर्को काढलं, की माशीला बरेचसे वास कळेनासे होतात. आम्लं, कार्बन डायऑक्साइड मात्र कळतात, कारण त्यांचे ग्राही वेगळे. समान ग्राहीच्या पेशींचे तंतू मेंदूत एकाच गोळ्यात, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, जुळतात. असे गोळे सुमारे ५०.

खरी गंमत पुढे आहे. तिथून संदेश दोन वाटांनी जातो. लॅटरल हॉर्न या मेंदूच्या भागाकडची वाट उपजत वागणुकीची. उदाहरणार्थ, बुरशी-जिवाणूंचा जिओस्मिन हा मातकट वास एकाच ग्लोमेरुलसला जागवतो आणि माशी तिथे अंडी घालायचं टाळते. दुसरी वाट मशरूम बॉडी या भागाकडे, म्हणजे शिकण्याकडे. तिथे मेंदूच्या एका बाजूला केनियन पेशी नावाच्या सुमारे २,००० चेतापेशी असतात आणि त्यांतली प्रत्येक पेशी ग्लोमेरुलसकडून येणारा संदेश सरासरी ६-७ जोडण्यांवरून ऐकते. एपीएल नावाची एकच मोठी चेतापेशी त्या सगळ्यांना दाबून धरते, म्हणून एका वासाला जेमतेम ५ ते १० टक्के पेशी उठतात. एपीएल बंद पाडली तर जास्त पेशी पेटतात, वेगवेगळ्या वासांना उठणारे पेशींचे संच एकमेकांत मिसळतात आणि मिळतेजुळते वास माशीला वेगळे ओळखता येत नाहीत.