फाम फतालला 'विषकन्या' चालेल का?

१९४०च्या दशकातल्या कमी बजेटच्या फिल्म नॉआरवर (म्हणजे हॉलिवूडचे गडद, निराश सुरातले गुन्हेपट) लिहिताना 'फाम फताल'ला, म्हणजे पुरुषाला नादी लावून गोत्यात आणणाऱ्या बाईला, मराठीत 'विषकन्या' म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. मला विचाराल तर नको. विषकन्या ही कायम दुसऱ्याच्या हातातलं हत्यार असते. 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात नंदांचा अमात्य राक्षस तिला चंद्रगुप्तावर सोडतो, चाणक्य तिला चंद्रगुप्ताच्याच जोडीदाराकडे, पर्वतक राजाकडे वळवतो आणि या सगळ्यात त्या बाईला काय हवंय हे कुणी विचारत पण नाही. नॉआरमध्ये नेमकं उलटं असतं, पैसा बाईला हवा असतो, बेत तिचा असतो आणि वापरला जातो तो बाप्या.

'डिकॉय' (१९४६) बघा. मोनोग्रामचा सिनेमा, म्हणजे हॉलिवूडवाले ज्या फाटक्या स्टुडिओंना पॉव्हर्टी रो म्हणायचे त्यांच्यातला. यातली मार्गो शेल्बी (जीन गिली) दडवलेल्या लुटीचा पत्ता काढायला चक्क गॅस चेंबरमध्ये मारलेल्या गुंडाला डॉक्टरकरवी मेथिलीन ब्लू देऊन उठवते! पुढे टायर बदलायच्या निमित्तानं साथीदाराला खाली उतरवते आणि त्याच्या अंगावर गाडी घालते. हिला 'जीवघेणी' म्हणा, फिट्ट बसतं, कारण आपल्याकडे अदा पण जीवघेणी असते आणि अपघात पण जीवघेणाच.

पण खरी पंचाईत 'डीटूर'मधल्या (१९४५, पीआरसी हा पॉव्हर्टी रोचाच आणखी एक स्टुडिओ, दिग्दर्शक एडगर उल्मर) व्हेराची आहे. मोहिनी घालणं वगैरे भानगडच नाही, केस विस्कटलेले, मधूनमधून खोकला, आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. हीरो मेलेल्या माणसाची गाडी घेऊन निघालेला आणि लिफ्ट नेमकी हिलाच देतो, जी आधी त्याच गाडीतून त्याच माणसाबरोबर आलेली असते, मग काय, ब्लॅकमेल. अ‍ॅन सॅव्हेजनं ती अशी काही केलीय की मला एकच शब्द सुचतो, कैदाशीण. तरी मरते कोण तर तीच. दारूच्या नशेत फोन घेऊन आतल्या खोलीत जाते, कडी लावते, वायर गळ्याभोवती गुंडाळली जाते आणि हा बाहेरून वायर ओढत बसतो. आता घातकी कोण?

म्हणून 'घातकी स्त्री' हा प्रतिशब्द पण मला पटत नाही. 'फताल'च्या मुळाशी लॅटिन 'फातुम' आहे, म्हणजे दैव, आणि तो हीरो तरी दुसरं काय करतो, अख्खा सिनेमाभर दैवाच्या नावानं खडे फोडतो, स्वतःकडे काही घ्यायला तयार नाही. दैव आणि मरण दोन्ही धरणारा आपला शब्द 'काळ', पण 'काळस्त्री' वगैरे कुणी करू नका प्लीज, कालनिर्णयची बहीण वाटेल.

लेखात सरळ 'फाम फताल' ठेवा (फेमे फेटल नको, फ्रेंच आहे ते), पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'जीवघेणी बाई' लिहा आणि व्हेराला मात्र कैदाशीणच म्हणा.