परदेशात शिकताना एखादा राजवाडा बघितलाय का? विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये बसतं का आणि जाण्यासारखं असतं का?

हो, बघितलाय. म्युनिकला मास्टर्स करत होतो तेव्हा नॉयश्वानस्टाइनला गेलो होतो, बव्हेरियाचा (आज जर्मनीचं दक्षिणेतलं राज्य, तेव्हा वेगळं राजाचं राज्य) राजा लुडविग दुसरा याचा डोंगरावरचा तो पांढरा राजवाडा, जर्मनीचं कुठलंही कॅलेंडर उघडा, एका पानावर असतोच. बजेटमध्ये बसतं, जाण्यासारखंही आहे, पण बाहेर येऊन "एवढंच?" म्हणणारे लोक पण मी पाहिलेत, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही.

आधी पैशाचं सांगतो. म्युनिकहून फ्युसेनला रिजनल ट्रेनने साधारण दोन तास, तिथून बसने होहेनश्वानगाऊ गाव. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या रिजनल ट्रेन आणि बसचा महिन्याचा पास, असेल तर प्रवासाला वेगळे पैसे लागत नाहीत, नसेल तर मित्र जमवा आणि बायर्न टिकेट, म्हणजे बव्हेरियातल्या रिजनल ट्रेनचं दिवसाचं तिकीट, काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालतं. आम्ही तसेच गेलो, पराठे आणि चिवडा बॅगेत, कारण पर्यटकांच्या जागी जेवणाचे भाव बघून भूकच मरते. आत जायचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा, त्यावर वेळ ठरलेली असते आणि ती चुकली की तिकीट गेलं. स्टुडंट सवलत आहे, कार्ड जवळ ठेवा. गावातून वर 30-40 मिनिटांचा चढ आहे, घोडागाडी मिळते, पण सिंहगड चढलेल्या माणसाने त्यावर पैसे घालवू नयेत हे माझं स्पष्ट मत.

आता "एवढंच" का ते. आत फक्त टूरबरोबर जाता येतं, ती जेमतेम अर्ध्या तासाची, फोटो काढायला बंदी, आणि एका खोलीत मान वर करून छत बघतोय तोवर पुढच्या खोलीत चला. शिवाय आपण गड बघत वाढलेली माणसं, त्यामुळे नजर आपोआप तटबंदी, चोरदरवाजा, पाण्याची टाकी शोधते, आणि इथे त्यातलं काही नाही कारण हा लढायला बांधलेलाच नाही. पायाभरणी 1869 ची, म्हणजे आपल्याकडे बोरघाटातून रेल्वे धावायला लागली होती तेव्हा हा माणूस मध्ययुगातला गड नव्याने बांधत होता.

आणि माझ्या मते खरी मजा इथेच आहे. लुडविग 1864 मध्ये अठराव्या वर्षी राजा झाला, 1866 च्या युद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून बव्हेरिया प्रशियाकडून (उत्तरेचं बलाढ्य जर्मन राज्य) हरली, 1871 मध्ये जर्मन साम्राज्यात गेली, म्हणजे नावाचं राजेपण उरलं आणि सत्ता बरीचशी गेली. मग याने स्वतःपुरतं एक राज्य दगडविटांत उभं करायला घेतलं, जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरांमधल्या (गाण्यांच्या नाटकांमधल्या) कथा भिंतीभर रंगवून घेतल्या, दोन खोल्यांच्या मध्ये चक्क खोटी गुहा केली. पण वरवर जुनं दिसणाऱ्या या महालात गरम हवेचं सेंट्रल हीटिंग, फ्लशचे संडास, नोकरांना बोलवायला विजेची घंटी, टेलिफोन, सगळं होतं! म्हणून टूर संपल्यावर खाली स्वयंपाकघर लागतं तिथून पळत बाहेर जाऊ नका, मला तर सिंहासनाच्या दालनाएवढंच ते आवडलं, तिथे गरम पाण्याचीसुद्धा सोय होती.

सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही बरं का. जमिनीवर मोझॅक, वर मुकुटासारखं भलंमोठं झुंबर, पायऱ्या आहेत आणि वर जागा रिकामी. सिंहासन बसवायच्या आधीच राजा गेला. बांधकामाचा खर्च त्याचा स्वतःचा आणि कर्ज काढून, कर्ज हाताबाहेर गेलं, जून 1886 मध्ये मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवलं, तेही डॉक्टरांनी प्रत्यक्ष न तपासता, याच महालातून उचलून नेलं आणि 13 जूनला तो आणि त्याला वेडा ठरवणारा डॉक्टर गुडन दोघंही श्टार्नबर्गच्या तळ्यात मृत सापडले. कसे मेले यावर अजून वाद घालतात लोक. आणि जिथे त्याला एकटं राहायचं होतं तो महाल त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून तिकीट लावून लोकांना खुला केला, कर्ज फेडायचं होतं ना. हे सगळं वाचून गेलात तर अर्धा तास पुरतो, नाही वाचलं तर नुसत्या नक्षीदार खोल्या.

फोटोसाठी मारियनब्रुके पुलावर जा, दरीवरून अख्खा महाल समोर दिसतो, पण गर्दी बेकार असते आणि हिवाळ्यात बर्फामुळे पूल बंदही ठेवतात, त्यामुळे निघायच्या आधी चेक करा. खालचा पिवळा होहेनश्वानगाऊ राजवाडा, जिथे तो लहानपणी राहायचा, तो आम्ही बाहेरूनच बघितला.

गर्दीचा अगदीच कंटाळा असेल तर त्याचाच लिंडरहोफ बघा, छोटा आहे पण त्याच्या हयातीत पूर्ण झालेला तेवढा एकच, ओबरआमरगाऊहून बस आहे, फक्त परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा.