नाट्य-इतिहासाचा पेपर घेतलायस? मग एवढं कर

सनावळ्या पाठ करायला बसू नकोस. पहिल्या सत्रात मी तेच केलं आणि गुण गेले. १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’, १८८०ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. मधे काय बदललं ते शोध. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार गायचा, पात्रं भाषणं आयत्या वेळी रचायची. किर्लोस्करांकडे पात्रं स्वतः गायला लागली, संहिता लिहिलेली आली.

तू तर कुडाळचा, कोकणातल्या दशावताराच्या मुलखातला! आयत्या वेळचं बोलणं म्हणजे काय, हे तुला पुस्तकात शोधायची गरजच नाही. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की दशावताराला, म्हणजे देवळापुढच्या त्या लोकनाट्याला, रात्रभर बस. आधी संकासुर राक्षसाचा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, मग आख्यान, म्हणजे मुख्य पौराणिक कथा. पेटी-पखवाज कुठे बसतात, नट एकमेकांना पुढच्या बोलण्याचा धागा कसा देतात, वहीत टिपून ठेव. हे उत्तरपत्रिकेत फार कामी येतं.

आणखी दोन गोष्टी:
- नाटक मोठ्याने वाच, मित्रांना भूमिका वाटून.
- प्रत्येक काळाला विचार: पैसे कोण देत होतं, राजा की तिकीट काढणारा प्रेक्षक?

भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथातली रसचर्चा (प्रेक्षकाला येणाऱ्या भावानुभवाची चर्चा) सध्या बाजूला ठेव, तिची घाई नाही. अडलं तर जत्रेत भेटूच.